नेपल्समध्ये कमी पैशात चांगलं कसं खायचं? इथे बिल ताटामुळे नाही, खुर्चीमुळे वाढतं

युरोपच्या सहलीचा हिशोब मांडताना विमानाचं तिकीट, व्हिसा, हॉटेल आणि रेल्वे यांचे आकडे आधीच कळतात. अंदाज येत नाही तो जेवणाचा. एक युरो साधारण शंभर रुपये धरला, तर पाण्याची बाटली दोनशेची आणि पास्त्याची एक प्लेट बाराशेची दिसायला लागते. मग बॅगेत थेपले, खाकरे, इन्स्टंट पोहे आणि कपातले नूडल्स भरले जातात. इटलीत आठ दिवस राहून अर्धी जेवणं हॉटेलच्या खोलीत, किटलीतल्या गरम पाण्यावर उरकणारे पर्यटक काही कमी नाहीत.

अडीअडचणीला थेपले हवेतच. पण मुक्काम नेपल्सला असेल, तर खोलीत बसून जेवणं हा सगळ्यात मोठा तोटा ठरतो. रोमहून वेगवान रेल्वेने साधारण सव्वा तासावर असलेलं, इटालियन लोक ज्याला नापोली म्हणतात ते हे शहर. बहुतेक पर्यटक इथे पॉम्पेई, काप्री किंवा अमाल्फीला जाण्यासाठी उतरतात. पिझ्झा मात्र याच शहराचा. आणि इटलीच्या मोठ्या शहरांमध्ये पोटभर आणि चवीचं खाणं सगळ्यात कमी पैशात जिथे मिळतं, त्यात नेपल्सचं नाव वरच्या रांगेत येतं.

पण असं का? आणि इतकं स्वस्त असूनही अनेक पर्यटकांचं बिल का फुगतं? समजून घेऊया.

'आठ दिवसांचा पिझ्झा' आणि एका मोठ्या लेखकाची चूक

'थ्री मस्केटियर्स' लिहिणारे फ्रेंच लेखक अलेक्झांडर ड्युमा १८३५ मध्ये नेपल्सला आले होते. पुढे १८४३ मध्ये आलेल्या प्रवासवर्णनात त्यांनी इथल्या गरिबांच्या पिझ्झाबद्दल लिहिलं. 'पिझ्झा आ ओत्तो' असा एक प्रकार त्यांच्या कानावर आला होता. 'ओत्तो' म्हणजे आठ. त्यांनी अर्थ लावला की हा आठ दिवसांपूर्वी भाजलेला, शिळा पिझ्झा.

प्रत्यक्षात तो ताजाच असायचा. 'ओज्जी आ ओत्तो' म्हणजे आजपासून आठ दिवसांनी. पिझ्झा आज खायचा आणि पैसे आठवड्याने द्यायचे, अशी ती उधारी होती. ज्याच्या हातात रोजचा पैसा नाही, त्यालाही गरम खायला मिळावं म्हणून गल्लीतल्या विक्रेत्यांनी चालवलेली ही सोय.

ड्युमांनी केलेली चूक आजचे पर्यटकही करतात. एवढं स्वस्त आहे म्हणजे काहीतरी गडबड असणार, असं वाटून ते गल्लीतलं दुकान सोडतात आणि चौकातल्या पांढऱ्या टेबलक्लॉथच्या हॉटेलात जाऊन बसतात.

नेपल्सचं स्वस्त खाणं समजायचं, तर या शहराचं पोट कसं भरत आलं ते पाहावं लागतं. कधीकाळी नेपल्सच्या लोकांना इटलीत 'मांजाफोल्ये', म्हणजे पालेभाजी खाणारे, असं चिडवलं जायचं. सतराव्या शतकात शहराची लोकसंख्या वाढत गेली, मांस आणि भाजी गरिबांना परवडेनाशी झाली. त्याच काळात पीठ मळण्याची आणि पास्ता दाबून काढण्याची यंत्रं सुधारली आणि वाळवलेला पास्ता स्वस्त झाला. मग पालेभाजी खाणाऱ्यांचे 'मांजामाकेरोनी', म्हणजे मॅकरोनी खाणारे झाले. रस्त्यावरच्या कढईतून गरम पास्ता घ्यायचा, वर चीज भुरभुरायचं आणि उभ्यानेच हाताने खायचा, अशी दृश्यं त्या काळच्या चित्रांमध्ये आणि पुढे जुन्या फोटोंमध्येही दिसतात.

पिझ्झाचंही तेच. १८८४ मध्ये पत्रकार मातिल्दे सेराओ यांनी 'नेपल्सचं पोट' या अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात नेपल्सची गरीब माणसं काय खातात, किती पैशात खातात आणि पिझ्झाचे तुकडे करून ते रस्त्यावर कसे विकले जातात, याचं वर्णन आहे.

दुसऱ्या महायुद्धात नेपल्सवर प्रचंड बॉम्बफेक झाली. युद्धानंतर मोझ्झारेला महाग होतं आणि भट्ट्या पडलेल्या होत्या. त्या दिवसांत तळलेल्या पिझ्झाने शहराला हात दिला. घराच्या दारात कढई मांडून बायका तो तळायच्या आणि उधारीवर विकायच्या. १९५४ च्या 'लोरो दी नापोली' या व्हित्तोरिओ दे सिका यांच्या चित्रपटात सोफिया लॉरेन अशीच पिझ्झा विकणारी झाली आहे. तिच्या दुकानातही आज खा आणि आठ दिवसांनी पैसे द्या, हाच कारभार चालतो.

थोडक्यात, इथले सगळ्यात नावाजलेले पदार्थ मुळात कमी पैशात पोट भरावं म्हणूनच घडले. पीठ, टोमॅटो, बटाटा, कांदा, तेल. सामान साधं, पण ते रांधणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले. २०१७ मध्ये युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा बनवणाऱ्यांच्या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. हाच वारसा इथे गल्लीच्या तोंडावर दोन-तीन युरोंत कागदात गुंडाळून मिळतो.

मग बिल वाढतं कुठे?

समजा, मेन्यूवर पास्त्याची किंमत १२ युरो लिहिली आहे. तुम्ही फक्त पास्ता मागवला, सोबत पाण्याची बाटली घेतली आणि बिल आलं १९ युरोंचं. फसवणूक झाली का? बहुतेक वेळा नाही. हिशोब असा असतो: पास्ता १२, पाणी ३, 'कोपेर्तो' अडीच आणि १० टक्के 'सेर्वित्सियो' म्हणजे दीड युरो.

'कोपेर्तो' म्हणजे टेबलावर बसण्याचा माणशी आकार. टेबलक्लॉथ, काटा-चमचा आणि ब्रेड यांचे हे पैसे. ब्रेडला हात लावला नाही तरी तो द्यावाच लागतो. साधारण १ ते ३ युरो असतो आणि मेन्यूवर लिहिलेला असावा लागतो. अनेकदा तो शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात असतो. चार माणसांच्या कुटुंबाला माणशी अडीच युरो म्हणजे घास तोंडात जाण्याआधीच १० युरो. म्हणून बसण्याआधी दाराबाहेर लावलेला मेन्यू पाहायचा आणि त्यात 'कोपेर्तो' हा शब्द शोधायचा.

'सेर्वित्सियो' म्हणजे सेवा आकार. तो सगळीकडे नसतो, पण पर्यटकांच्या भागात १० टक्के किंवा त्याहून जास्त असू शकतो. इटलीत टिप सक्तीची नाही. बिलात सेवा आकार लावलेला असेल, तर वेगळी टिप द्यायची गरजच उरत नाही.

पाणी मागितलं की बाटलीबंदच येतं. 'नातुराले' म्हणजे साधं, 'फ्रिझान्ते' म्हणजे सोड्यासारखं बुडबुड्यांचं. नेपल्समधलं नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे. त्यामुळे दिवसभरासाठी रिकामी बाटली जवळ ठेवून ती मुक्कामाच्या ठिकाणी किंवा सार्वजनिक नळावर भरून घेता येते. 'नॉन पोताबिले' अशी पाटी असेल, तर ते पाणी प्यायचं नाही.

सगळ्यात मोठा खड्डा मासे खाणाऱ्यांसाठी. मेन्यूवर माशासमोर ६ युरो दिसतात आणि माणूस हरखून जातो. त्याच्या बाजूला 'एत्तो' हा छोटासा शब्द असतो. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. अर्धा किलोचा मासा ताटात आला की ६ चे ३० युरो झालेले असतात. मासा वजनावर असेल, तर शिजवण्याआधी वजन आणि पूर्ण किंमत विचारून घ्यायची. इथले लोकही विचारतात, त्यात कमीपणा नाही.

कॉफी उभ्याने, टेबल विकत

इटलीत 'बार' म्हणजे दारूचा अड्डा नव्हे. सकाळची कॉफी, नाश्ता, दुपारचं सँडविच आणि संध्याकाळचं पेय या सगळ्यांची ती एकच जागा. काउंटरशी उभं राहून प्यायलेल्या एस्प्रेसोला नेपल्समध्ये साधारण सव्वा ते दीड युरो पडतो. तीच कॉफी बाहेरच्या टेबलावर बसून घेतली, तर पैसे दुप्पट किंवा त्याहून जास्त होऊ शकतात. चौक जितका देखणा, तितकी खुर्ची महाग. हे बेकायदा नाही. काउंटरचा आणि टेबलाचा दर वेगळा असतो आणि दरपत्रकात तो पाहता येतो.

अनेक बारमध्ये आधी 'कास्सा'वर, म्हणजे गल्ल्यावर, पैसे भरायचे. तिथून मिळणारी पावती, 'स्कोंत्रीनो', काउंटरवर ठेवायची आणि मग कॉफी मागायची. नेपल्समध्ये कॉफीबरोबर छोटा पाण्याचा ग्लास द्यायची पद्धत आहे. तो कॉफीच्या आधी प्यायचा, म्हणजे तोंड स्वच्छ होऊन कॉफीची चव नीट लागते.

नाश्त्याला कापुचिनो आणि 'कोर्नेत्तो', म्हणजे गोडसर क्रॉसाँ, उभ्याने घेतला तर साडेतीन युरोंच्या आसपास काम होतं. हॉटेलचा नाश्ता खोलीच्या भाड्यात धरलेला नसेल आणि वेगळे १०-१२ युरो पडणार असतील, तर कोपऱ्यावरचा बार हा सरळ नफा आहे.

हातात घेऊन खायचं राज्य

नेपल्सच्या जुन्या भागात व्हिया देई त्रिबुनाली आणि स्पाक्कानापोली या दोन लांबलचक गल्ल्या आहेत. थोडं पुढे मोंतेसांतो स्टेशनजवळ पिन्यासेक्का नावाचा बाजार आहे. या परिसरात दुपारचं जेवण टेबलाशिवाय होतं, त्यामुळे कोपेर्तोचा प्रश्नच येत नाही.

'पिझ्झा आ पोर्ताफोल्यो' म्हणजे पाकिटासारखा चौघडी घातलेला पिझ्झा. आकाराने नेहमीच्या पिझ्झापेक्षा लहान, भट्टीतून काढून चार घड्या घालून कागदात दिलेला. किंमत साधारण २ ते ३ युरो. खाताना थोडं पुढे वाकायचं, नाहीतर टोमॅटोचा रस थेट शर्टावर.

तळलेला पिझ्झा करंजीसारखा मिटलेला आणि फुगलेला असतो. आत रिकोत्ता, प्रोव्होला चीज आणि पारंपरिक प्रकारात 'चीकोली', म्हणजे डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे असतात. एक खाल्ला की संध्याकाळपर्यंत भुकेची आठवण होत नाही.

'फ्रिज्जितोरिया' म्हणजे तळणीचं दुकान. इथे 'कुओप्पो' मिळतो, म्हणजे कागदाच्या शंकूत भरलेले तळलेले पदार्थ. भेळेचा कोन डोळ्यांसमोर आणा आणि आत बटाट्याचे 'क्रोक्के', पिठाचे छोटे गोळे, भाज्यांची भजी घाला. माशांचा कुओप्पो वेगळा मिळतो आणि तो महाग असतो. नुसता एक क्रोक्के घेतला, तर बरेचदा युरो-दीड युरोत मिळून जातो.

उन्हाळ्यात जुन्या पाण्याच्या टपऱ्यांवर लिंबाचं एक पेय मिळतं. लिंबाचा रस आणि बुडबुड्यांचं पाणी यांत शेवटी चमचाभर खायचा सोडा टाकतात. ते इतकं फसफसून वर येतं, की अंगावर सांडू नये म्हणून पाय फाकवून, पुढे वाकून प्यावं लागतं. नावातच ते आहे: 'आ कोशे आपेर्ते', म्हणजे मांड्या फाकवून. गाडीवरच्या लिंबूसोड्यावर वाढलेल्या माणसाला ते चटकन आवडतं आणि जड जेवणानंतर पोटालाही बरं वाटतं.

बसून खायचं असेल तर

रोज उभ्याने खाणं शक्य नसतं, विशेषतः सोबत आई-वडील किंवा लहान मुलं असतील तर. अशा वेळी नेपल्सची साधी पिझ्झेरिया उपयोगी पडते. मार्गेरिता किंवा मारिनारा पिझ्झा अनेक नावाजलेल्या ठिकाणीही साधारण ५ ते ८ युरोंत मिळतो आणि तो एका माणसाचं पूर्ण जेवण असतो.

एवढा स्वस्त कसा परवडतो? कारण सामान मोजकं असतं आणि भट्टी प्रचंड तापलेली. पीठ कित्येक तास आंबवून तयार असतं. साधारण ४५० अंश सेल्सियसला पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. गिऱ्हाईक येतं, खातं, उठतं आणि टेबल पुन्हा रिकामं. कमी नफा आणि जास्त गिऱ्हाईक, असं हे गणित आहे. म्हणून इथे पिझ्झा संपल्यावर तासभर गप्पा मारत बसायची पद्धत नाही.

मार्गेरितावर नेहमी गायीच्या दुधाचं मोझ्झारेला असतं. 'बुफाला', म्हणजे म्हशीच्या दुधाचं मागितलं, की दोनेक युरो वाढतात. एकदा चव जरूर घ्यावी, रोज लागत नाही.

रांग मोठी असेल किंवा कोपेर्तो वाचवायचा असेल, तर 'दा पोर्तारे व्हिया', म्हणजे पार्सल, असं सांगायचं. पिझ्झाचा खोका घेऊन समुद्राकाठच्या रस्त्यावर किंवा बागेत बसता येतं. चर्चच्या पायऱ्यांवर मात्र खायला बसू नये.

त्रात्तोरिया म्हणजे घरगुती पद्धतीची खानावळ. मेन्यूवर आधी 'आंतिपास्तो', मग 'प्रीमो' म्हणजे पास्ता किंवा भात, 'सेकोंदो' म्हणजे मांस-मासे, 'कोंतोर्नो' म्हणजे भाजी आणि शेवटी गोड, असे पाच टप्पे दिसतात. हे सगळं मागवायलाच हवं असा गैरसमज अनेकांचा खिसा कापतो. एक प्रीमो आणि एक कोंतोर्नो एवढ्यावर जेवण होतं. दुपारी कामगार आणि ऑफिसमधल्या लोकांसाठी अनेक ठिकाणी ठरावीक दराचं जेवण असतं. बाहेर फळ्यावर 'मेनू देल जोर्नो' लिहिलेलं दिसलं, तर तिथे चौकशी करावी.

वेळ मात्र पाळावी लागते. दुपारचं जेवण साधारण १ ते ३, रात्रीचं साडेसात-आठनंतर. मधल्या वेळेत बहुतेक खानावळी बंद असतात. पॉम्पेई पाहून चार वाजता भुकेने परतलेला पर्यटक मग जे उघडं दिसेल तिथे शिरतो. आणि दिवसभर उघडं असतं ते बहुधा पर्यटकांसाठीचं महागडं हॉटेल. त्यामुळे त्या वेळेसाठी पिशवीत काहीतरी ठेवावं किंवा सरळ बार आणि तळणीचं दुकान गाठावं.

शाकाहारी मंडळींनी काय पाहायचं?

नेपल्समध्ये शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. पण जे शाकाहारी दिसतं ते तसं असेलच, याची खात्री नसते.

रस्त्यावर मिळणारी बदाम लावलेली खारी कडी, म्हणजे 'ताराल्ली', पारंपरिक पद्धतीने 'सून्या'त, म्हणजे डुकराच्या चरबीत करतात. थर सुटलेली 'स्फोल्यातेल्ला' ही मिठाई नेपल्सची शान, पण जुन्या कृतीत तिच्यातही तीच चरबी असते. बटाट्याच्या क्रोक्केमध्ये हॅम किंवा सलामीचे तुकडे असू शकतात. पास्त्याच्या तळलेल्या 'फ्रित्तातिना'मध्ये बहुधा हॅम किंवा खिमा असतो. 'बाबा' नावाचा स्पंजी केक चरबीचा नसतो, पण त्यात अंडी असतात आणि तो रममध्ये भिजवलेला असतो.

चीजचाही प्रश्न आहे. पार्मेजान, म्हणजे 'पार्मिज्यानो रेज्यानो', नियमानुसार वासराच्या जठरातल्या रेनेटनेच बनवतात. म्हशीच्या अधिकृत मोझ्झारेलालाही वासराचं रेनेट लागतं. काटेकोर शाकाहारींनी हे लक्षात ठेवावं.

दिलासा असा की शहरातला सगळ्यात जुना आणि स्वस्त पिझ्झाच सगळ्यात निर्धोक आहे. मारिनारावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढंच असतं. चीज नाही, अंडं नाही, मांस नाही. नावावरून मासळी वाटते, पण मासळी नसते. लसूण चालत नसेल तर 'सेन्झा आल्यो' म्हणजे लसणाशिवाय, असं सांगायचं.

दक्षिण इटलीतला वाळवलेला पास्ता रवा आणि पाण्याचा असतो, त्यात अंडं नसतं. ताज्या पास्त्यात ते असू शकतं. टोमॅटो-तुळशीचा साधा पास्ता, झुकिनीचा पास्ता, 'फ्रियारिएल्ली' ही कडवट पालेभाजी, वांग्याची पार्मिजाना (यात चीज येतंच) हे सहज मिळणारे पर्याय. घेवड्याचा किंवा बटाट्याचा पास्ता ऐकायला शाकाहारी वाटतो, पण फोडणीत डुकराचं मांस असू शकतं, म्हणून विचारावं.

विचारायचं कसं? 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा प्रोशुत्तो', म्हणजे मांस नको, मासे नकोत, हॅम नको. हॅमचं नाव वेगळं घेतलेलं बरं. आणि 'चे स्त्रुत्तो?' म्हणजे यात चरबी आहे का? एवढी दोन वाक्यं फोनमध्ये लिहून ठेवली, तरी आठवडा निभावतो.

बाजार आणि वाण्याचं दुकान

पिन्यासेक्का बाजारात मासळी, भाजी, फळं आणि तळणीची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. हंगामातली फळं वजनावर घ्यावीत. फळांना स्वतः हात लावून दाबून पाहायची पद्धत इथे नाही. दुकानदाराला बोटाने दाखवायचं, तो देतो. सुपरमार्केटमध्ये फळं-भाजी उचलताना प्लास्टिकचा हातमोजा घालायचा, काट्यावर वजन करून चिकटपट्टी लावायची आणि मग गल्ल्यावर जायचं. चिकटपट्टी विसरली, तर रांगेतून परत यावं लागतं.

'सालुमेरिया' म्हणजे चीज आणि खारवलेल्या मांसाचं दुकान. इथे ताजा 'पानीनो' करून देतात. ब्रेड निवडायचा, आत प्रोव्होला, टोमॅटो, तेलातली वांगी किंवा फ्रियारिएल्ली सांगायची. किंमत आत काय घालता त्यावर ठरते, म्हणून आधी विचारावं. पावाचं टोक कापून, आतला गर काढून त्यात रस्सा किंवा भाजी भरलेला 'कुत्सेतिएल्लो' हाही नेपल्सचाच प्रकार. पॉम्पेईला जाताना असा एखादा पिशवीत टाकला, तर अवशेषांच्या दारातल्या महागड्या उपाहारगृहाची गरज पडत नाही.

दुकान ओळखायचं कसं?

दारात उभं राहून हाका मारणारा माणूस, सहा भाषांमधला मेन्यू, पदार्थांचे उन्हाने फिके पडलेले फोटो आणि पिझ्झापासून बर्गरपर्यंत सगळंच मिळण्याची हमी. यातल्या दोन खुणा जरी दिसल्या, तरी पुढे चालत राहावं. छोटा मेन्यू, बाहेर लिहिलेले दर आणि आत इटालियनमध्ये चाललेला गलका, ही चांगली लक्षणं. प्रसिद्ध स्थळापासून दोन-तीन गल्ल्या आत गेलं, तरी दरात फरक दिसतो.

बिल, म्हणजे 'कोंतो', आल्यावर एकदा ओळीने वाचावं. न मागवलेली वस्तू दिसली तर शांतपणे विचारावं.

एका दिवसाचा हिशोब

सकाळी उभ्याने कापुचिनो आणि कोर्नेत्तो: साडेतीन युरो. दुपारी घडीचा पिझ्झा, एक क्रोक्के आणि थोडी फळं: ५ युरो. चार वाजता एक मिठाई आणि एस्प्रेसो: ४ युरो. रात्री बसून मार्गेरिता साडेसहा, पाणी २ आणि कोपेर्तो २, म्हणजे साडेदहा युरो. एकूण २३ युरो, म्हणजे साधारण २३०० रुपये.

हे आकडे ढोबळ आहेत, हंगाम आणि गल्लीप्रमाणे थोडे खालीवर होतात. पण या दिवसात पोट मारलेलं नाही. तीन वेळा गरम खाणं, फळं, गोड आणि दोनदा कॉफी झाली आहे. रात्रीचा पिझ्झा पार्सल घेतला आणि पाणी बाटलीतलं प्यायलं, तर हाच दिवस १९ युरोंत बसतो. म्हणजे मघाच्या एका पास्त्याच्या बिलात अख्खा दिवस निघतो. वाचलेल्या पैशांतून एखाद्या संध्याकाळी चांगल्या त्रात्तोरियात निवांत बसता येतं, तेही कोपेर्तोची चिंता न करता.

नेपल्सच्या बारमध्ये आणखी एक जुनी रीत आहे: 'काफे सोस्पेसो'. एक कॉफी प्यायची आणि पैसे दोन कॉफींचे भरायचे. दुसरी कॉफी 'लटकती' राहते. नंतर कुणी गरजू येतो, लटकती कॉफी आहे का विचारतो आणि पैसे न देता पिऊन जातो. देणाऱ्याला घेणारा दिसत नाही, घेणाऱ्याला देणारा दिसत नाही. आठ दिवसांच्या उधारीवर पिझ्झा देणाऱ्या शहराला शोभेल अशीच ही रीत आहे. दिवसाच्या हिशोबात तिला सव्वा-दीड युरो जास्तीचे लागतात. गल्ल्यावर पैसे भरताना नुसतं 'ऊन काफे सोस्पेसो' म्हटलं, की पुरतं.